दाबू देऊ नका

त्या बाईचा गळा उघडून नळी घालायची की नाही, हे माझ्या आकड्यावर ठरणार होतं, आणि आकडा वाईट होता. तो मीच काढला होता. काढायची पद्धतही आमच्या आयसीयूत मीच आणली होती. भांडून, रुसून, एकदा तर बाथरूममध्ये जाऊन रडूनसुद्धा. त्यामुळे तक्रार करायला मला कुणी उरलंच नव्हतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कर्जत आणि खालापूरच्या मधल्या रस्त्यावर आमचं हॉस्पिटल आहे आणि मी दहिवलीहून स्कूटरनं जाते-येते. फिजिओ म्हणजे गुडघ्याला शेक देणारी बाई अशी लोकांची समजूत असते, पण माझा बहुतेक दिवस आयसीयूत जातो. एक्स्प्रेसवेवर आपटलेले, रसायनीच्या कारखान्यांतून आलेले कामगार, फुरसं चावलेले, भाताच्या चिखलातून लेप्टोचा ताप घेऊन आलेले, असे सगळे आमच्याकडे येतात. औषधांनी, मशीननी जीव वाचतो. मग एक दिवस माणूस डोळे उघडतो, आणि कळतं की पडून पडून त्याच्या अंगातलं बळच गेलंय. पोत्यानं भात वाहणाऱ्या माणसाला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही.

हे बळ किती गेलंय आणि किती परत येतंय, हे आमच्याकडे कसं लिहीत? फाइलीत सकाळी कुणी लिही, ‘वीक आहे’. दुपारची ड्यूटी लिही, ‘बरा आहे’. रात्रीची सिस्टर लिही, ‘हातपाय हलवतो’. एकाच माणसाबद्दल, एकाच दिवशी. मला हे वाचून अंगाचा तिळपापड होई. रक्तातली साखर कुणी ‘जरा गोड आहे’ असं लिहितं का? मग ताकदच अशी अंदाजपंचे का मोजायची?

मी एका प्रशिक्षणाला जाऊन आले आणि ठरलेली पद्धत घेऊन आले. आधी पेशंट भानावर आहे ना, सांगितलेलं करतो ना, ते बघायचं. मग खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, पाऊल, दोन्ही बाजूंनी ठरलेल्या क्रमानं तपासायचं आणि शून्य ते पाच गुण द्यायचे. तीन म्हणजे हात वर उचलता येतो, पण दुसऱ्यानं दाबला की पडतो. चार म्हणजे दाबला तरी टिकतो. पाच म्हणजे धडधाकट. पुढे पलंगाच्या कडेला बसणं, उभं राहणं, पाऊल टाकणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येकानं प्रत्येक वेळी तेच शब्द बोलायचे. ते शब्द मी मराठीत लिहिले: ‘हात असा वर धरून ठेवा. मी खाली दाबीन. दाबू देऊ नका.’

हे शब्द मी घरी सासूबाईंवर घोकले. त्यांना पलंगावर आडवं केलं, हात वर धरायला लावला आणि म्हटलं, दाबू देऊ नका. सासूबाईंनी मला असं काही ढकललं की मी कपाटावर जाऊन आदळले. “किती वर्षं वाट बघत होते,” असं म्हणून त्या हसत सुटल्या. मी त्यांना पाच गुण दिले.

आयसीयूचे मोठे डॉक्टर, त्यांना आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणतो, माझ्या या उद्योगाला ‘प्रगतिपुस्तक’ म्हणायचे. “काय मॅडम, आज कोण नापास?” असं राउंडला येताना विचारायचे. इन्चार्ज सिस्टरांना वाटे, आधीच कामाचा डोंगर, त्यात हिचं हे नवीन खूळ. पण मी चिवट आहे. सरांनाही ते हळूहळू पटत गेलं. रसायनीचा एक कामगार नुसता पडून होता. तो बसू शकतो हे आकड्यांवरून दिसलं, आम्ही त्याला बसवला, चालवला, आणि तो सरांना नमस्कार करून पायांनी घरी गेला. तेव्हापासून सरांचं चक्र उलटं फिरलं. राउंडला पहिला प्रश्न, “मॅडम, आकडा?” माझी छाती फुगायची. आपलं म्हणणं मोठ्या माणसानं उचलून धरण्यासारखं सुख नाही, आणि ते फार वेळ टिकतही नाही.

मग ही बाई आली. डोंगराच्या पोटातल्या एका वाडीतली, तिशीच्या आतबाहेरची. लावणीला दुसऱ्याच्या शेतावर जायची, एरवी फार्महाउसांवर झाडलोट करायची. लेप्टोनं फुप्फुसं भरली, मूत्रपिंडं रुसली. तोंडातून नळी घालून तिला श्वासाच्या मशीनवर ठेवली. मधले काही दिवस ती भ्रमात होती, नळी उपटायला बघायची, म्हणून हात पलंगाला मऊ पट्ट्यांनी बांधून ठेवले होते. मग ताप उतरला, लघवी व्हायला लागली, फुप्फुसं निवळली आणि ती भानावर आली. पट्ट्या सोडताना इन्चार्ज सिस्टरांनी तिला दम दिला, “हात हलवायचा नाही हं. हलवलास तर परत बांधीन.” तिनं मान डोलावली. त्यानंतर ती इतकी शहाण्यासारखी पडून राहायची की सगळ्या सिस्टर तिचं कौतुक करायच्या. सुई टोचायची असली की म्हणायच्या, “हात सैल सोड,” आणि हात सैल पडायचा. कूस बदलायची असली की, “अंग सैल सोड,” की अंग सैल. अशी गुणी पेशंट बघितली नाही, म्हणायच्या.

आता तोंडातली नळी काढायची वेळ आली होती. मशीनचा आधार कमी करून बघितलं, तर ती श्वास घ्यायची, पण जेमतेम. सर म्हणाले, “खोकल्याला जोर हवा, नाहीतर कफ साठून घुसमटेल. हातापायात ताकद किती आहे?”

मी तपासलं. डोळे उघडा, माझ्याकडे बघा, मान हलवा, सगळं तिनं केलं. मग हात. ‘वर धरून ठेवा,’ म्हटलं की हात वर जायचा. ‘मी खाली दाबीन, दाबू देऊ नका,’ म्हणून मी नुसतं बोट टेकवलं की हात खाली. उजवा तसाच, डावा तसाच. मांडी, गुडघा, पाऊल, सगळीकडे तेच. तीन, तीन, तीन. ‘जोरात खोका’ म्हटलं तर नळीतून नुसती फुसकी हवा आली.

सरांनी आकडा बघितला आणि निर्णय घेतला. हातांना जोर नाही, खोकल्याला जोर नाही. नळी काढली तर काही तासांत परत घालावी लागेल, आणि सुजलेल्या घशातून तेव्हा ती जाईलच असं नाही. त्यापेक्षा गळ्याला लहान छेद देऊन तिथून नळी बसवायची, सावकाश ताकद भरून काढायची. बरोबरच होतं. त्या आकड्यावर कुणीही हेच ठरवलं असतं, मीसुद्धा.

तिच्या नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून सरांनी समजावलं. मी शेजारी उभी होते. बारीक, काळसर, खांद्यावर टॉवेल घेतलेला माणूस. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गला कापायचा नाय.”

“कापणं नाही हो ते,” सर म्हणाले. “छोटं भोक. नंतर बुजतं.”

“आमच्या वाडीत एकाला पाडलं होतं सायेब. मोठ्या हास्पिटलात. तो परत बोललाच नाय. तसाच गेला.” तो उठून उभा राहिला. “आमी घरी नेतो तिला. काय व्हायचं त्ये घरीच होऊ दे.”

घरी नेणं म्हणजे काय ते सरांनी त्याला स्वच्छ शब्दांत सांगितलं. मशीन काढली तर ती वाडीपर्यंत तरी पोचेल का, याचीही खात्री नव्हती. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पण बोलणं बदलेना. उद्या दुपारी टेंपो घेऊन येतो, म्हणाला.

मला त्याचा राग आला. खरं तर राग त्याचा नव्हता, पण तो समोर होता. त्या संध्याकाळी घरी मी पोळ्या करताना भांडी इतकी आपटली की सासूबाईंनी आपणहून लाटणं हातातून काढून घेतलं. काय झालं विचारल्यावर मी सगळं सांगितलं. बारीकसारीक गोष्टींवर मतं देणाऱ्या त्या बाईनं एवढंच विचारलं, “आणि ती काय म्हणते?” तोंडात नळी आहे, बोलता येत नाही, मी खेकसले. “तसं नव्हे,” त्या म्हणाल्या, आणि पोळी भाजायला लागल्या. जेवताना माझ्या डोळ्यांपुढे तेच तीन, तीन, तीन येत राहिलं. त्या आकड्यांत काहीतरी खटकत होतं. आजारी शरीर इतकं नीटनेटकं नसतं. उजवा हात बरा असतो तर डावा मेलेला, खांदा हटवादी तर मनगट लुळं. सगळीकडे सारखी तीनची रांग मी आधी कधी बघितली नव्हती. पण खटकतंय म्हणून आकडा बदलायचा नसतो, हे मीच सगळ्यांच्या डोक्यावर बसून शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला नवरा टेंपो घेऊन आला. बरोबर तिची थोरली बहीण होती. नवरा कागदांसाठी ऑफिसात गेला आणि थोरली आत आली. इन्चार्ज सिस्टरांनी तिला गाउन घालायला लावला. पलंगाजवळ आल्यावर तिनं आधी बहिणीच्या कपाळावरून हात फिरवला आणि मग गाउनच्या आतून, कमरेच्या पिशवीतून, फणी काढली.

“हे काय?” इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या.

“केस विंचरते. जटा झाल्यात तिच्या. अशी कशी नेऊ तिला वाडीत?”

ती हे अगदी साधेपणानं बोलली. तिला ठाऊक होतं की ती बहिणीला कशासाठी तयार करतेय. इन्चार्ज सिस्टर तोंडानं कडक आहेत, पण त्यांनीही पाठ फिरवली आणि ट्रॉलीवरच्या बाटल्या सारख्या करायला लागल्या.

मी दुसऱ्या पलंगापाशी होते. तिकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होते. थोरलीनं केसांची एक बट सोडवली, दुसरी सोडवली. मग फणी एका मोठ्या गुंत्यात अडकली. थोरली आडमुठी असावी, तिनं ती तशीच ओढली. आणि पलंगावरचा हात वर आला. त्यानं थोरलीचं मनगट धरलं.

“सोड गं,” थोरली म्हणाली आणि फणी पुन्हा ओढायला गेली. हात हलेना. “सोड म्हनते ना! तुज्या भल्याचंच करते नवं?” तिनं आपला हात जोरानं खेचला. शेतात राबणाऱ्या बाईचा हात होता तो, पण पलंगावरच्या हातानं तो खाली येऊ दिला नाही. दोघी बहिणी एकमेकींकडे रागानं बघत होत्या, आणि तो हात तसाच हवेत होता, टिकलेला.

मी जागची हलले नाही. तो हात मी काल बोटानं पाडला होता. तीन गुण दिले होते. आणि आता मला तिथे चार दिसत होते, कदाचित चारच्याही वर.

मग एकदम डोक्यात उजेड पडला. सासूबाई आठवल्या, कपाटावर आदळलेली मी आठवले. सुनेला ढकलायला सासूला काय अडचण? थोरलीशी भांडायला धाकटीला काय अडचण? पण मी कोण होते? मी बाई होते. कोट घातलेली, चष्मा लावलेली, फार्महाउसच्या मालकिणीसारखी बोलणारी बाई. अशी बाई हात दाबते म्हणजे तो खाली जायला हवा असतो, हे तिला जन्मापासून ठाऊक. त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून तिला शिकवलं होतं: हात हलवू नको, हात सैल सोड, अंग सैल सोड. ती शिकली होती. सगळीकडे तीन होते, कारण सगळीकडे तिनं आमचं ऐकलं होतं.

मी सरांच्या खोलीत जवळजवळ धावत गेले. “सर, मला तिला परत तपासायचंय. आत्ता.”

सर कागदांवर काहीतरी लिहीत होते. घरी नेण्याचे कागद होते ते. “काल तपासलीस ना?”

“काल चुकलं.”

“काल चुकलं, की काल आवडलं नाही?” सरांनी पेन खाली ठेवलं. “मनासारखा आकडा येईपर्यंत परत परत घ्यायचं नाही, हे कुणाचं वाक्य आहे?”

माझंच होतं. भर राउंडमध्ये, दोन ज्युनिअर डॉक्टरांना झापताना म्हटलेलं. मी सगळं भराभर सांगितलं, फणी, थोरली, मनगट. सर ऐकत होते, पण चेहरा पडलेला होता. “वेदनेनं हात हलतोच गं. आणि खाली टेंपो उभा आहे. त्या माणसाला मी पुन्हा आशा दाखवायची, नळी काढायची, आणि ती घुसमटली तर? तो म्हणेल तुम्हीच मारलंत. आणि ते खरं असेल.”

“तुम्ही समोर उभे राहा. तुमच्या डोळ्यांदेखत घेते. एकदाच.”

ते आले. मनातून नाराज होते, पण आले. पलंगाच्या पायथ्याशी सर, बाजूला इन्चार्ज सिस्टर, भिंतीला टेकून फणी हातात घेतलेली थोरली. दारातल्या काचेतून नवरा बघत होता, हातात सह्यांचे कागद. मी पलंगाशी गेले आणि ठरलेले शब्द म्हटले. “हात असा वर धरून ठेवा. मी खाली दाबीन. दाबू देऊ नका.”

हात वर आला. मी दाबला. हात खाली.

सरांनी सुस्कारा सोडला. मी दुसरा हात घेतला. तोही खाली. आणि ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत तोच गुणी भाव. बरोबर केलं ना बाई?

माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तापटच आहे, पण आयसीयूत मी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. ठरलेले शब्द, पद्धत, तुम्ही-आम्ही, सगळं बाजूला ठेवून मी तिच्या पलंगावर बसले, जे आमच्याकडे सक्त मना आहे, आणि तिचं तोंड माझ्याकडे वळवलं.

“अगं, ऐक. ही सगळी तुला सैल सोड, सैल सोड म्हणतात ना, ते सुईपुरतं. आता सोडायचं नाही. मी तुझा हात पाडणार, तू पाडू द्यायचा नाहीस. मला ढकल. मी बाई-बिई कुणी नाही. तू सैल सोडलंस तर हे सगळे समजतील तुझ्यात जीवच नाही, आणि तुला नळी काढून घरी नेतील. घरी तू मरशील. कळतंय का? माझ्याशी भांड!”

“मॅडम,” सर हळूच म्हणाले.

तिचे डोळे मोठे झाले. तिनं माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग माझ्या मागे भिंतीकडे. तिला कुणाची तरी परवानगी हवी होती आणि ती माझ्याकडून चालणार नव्हती. थोरली फणी हातात घेऊन पुढे आली.

“धर गं बाय!” तिचा आवाज फुटला. “बाई सोड म्हनली तरी सोडू नको! धर!”

मी हात दाबला. आणि तो खाली गेला नाही. मी जोर वाढवला, पार खांद्यातून जोर लावला. तिची बोटं माझ्या मनगटाभोवती आली, नखं रुतली, आणि तिनं मला मागे ढकललं. पलंगाची कडा सुटून माझा एक पाय जमिनीवर आला. डावा हात धरला, तोही टिकला. मांडी थोडी कमी पडली, पाऊल थरथरलं. उजव्याला चार, डाव्याला चार, मांडीला तीन, गुडघ्याला पुन्हा चार. वाकडातिकडा, खराखुरा आकडा.

सर पुढे झाले. “मला बघू दे,” म्हणाले आणि त्यांनी स्वतः तिचा हात दाबला. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “त्यांनाही ढकल.” तिनं त्यांनाही ढकललं.

“आता खोक,” सर म्हणाले. “जोरात. आमच्या अंगावर उडालं तरी चालेल.”

ती अशी खोकली की मशीनचे सगळे अलार्म एकदम ओरडायला लागले, आणि इन्चार्ज सिस्टर कफ ओढून घ्यायची नळी घेऊन धावल्या. सर दार उघडून बाहेर गेले. काचेतून त्यांचं तोंड हलताना दिसत होतं, नवरा खाली बघत होता. थोडा वेळ गेल्यावर थोरलीही बाहेर गेली. तिनं नवऱ्याच्या हातातले कागद सरळ काढून घेतले आणि फणीसकट पिशवीत कोंबले.

सर आत आले. “गळा नाही, घर नाही. आत्ता काढतो नळी. पण मॅडम, ही घुसमटली तर मी तुमच्याकडे बघणार.”

“बघा,” मी म्हटलं.

नळी काढतानाचा तो क्षण मी शेकडो वेळा बघितला असेल, पण त्या दिवशी मला बघवेना. नळी धरून ठेवणारी पट्टी सोडली, नळीच्या टोकाशी असलेल्या फुग्यातली हवा काढली, आणि सर म्हणाले, “खोक.” ती खोकली, नळी बाहेर आली, तोंडावर मास्क बसला. मग आम्ही सगळे तिच्या छातीकडे बघत बसलो. छाती वर, खाली, वर, खाली. मध्येच श्वास भरभर व्हायला लागला, मॉनिटरवरचा ऑक्सिजन उतरायला लागला, आणि सर इन्चार्ज सिस्टरांना म्हणाले की नळीचा ट्रे जवळ आणून ठेवा. मी तिच्या पाठीमागे उशी सरकवून तिला उंच बसवलं, बरगड्यांवर दोन्ही हात ठेवले आणि म्हटलं, “माझ्या हातांना ढकलून श्वास घे. ढकल.” आता तिला तो शब्द कळला होता. ती ढकलत राहिली. माझ्या तळहातांखाली तिच्या बरगड्या उघडत, मिटत होत्या. ऑक्सिजन तिथेच अडला, मग हळूहळू वर चढला. सरांनी ट्रे परत न्यायला सांगितला नाही, पण ते खुर्चीत बसले.

थोरली काचेबाहेर उभी होती. टेंपोवाला दोनदा वर येऊन गेला आणि शेवटी रिकामा गेला.

आमच्या पद्धतीत त्यानंतर एक भर पडली. तपासण्याआधी पेशंटच्या घरच्या एखाद्या माणसानं त्याला त्याच्या बोलीत सांगायचं, की आज डॉक्टरांचं ऐकायचं नाही, त्यांना ढकलायचं. सर म्हणाले, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्यांच्या देशात माणसं डॉक्टरला ढकलत असतील. आता ज्युनिअर पोरं तक्रार करतात की पेशंट त्यांना फारच ढकलतात. ढकलू देत.

त्या संध्याकाळी घरी निघण्याआधी मी तिच्यापाशी गेले. ती मास्क लावून बसली होती, अर्धे केस विंचरलेले, अर्धे तसेच गुंत्यात. तिनं बोटानं मला जवळ बोलावलं. नळीनं घसा सोलला होता, आवाज नुसता वाऱ्यासारखा येत होता. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला. इतके दिवस मुकी होती ती, आता काय मागेल, पाणी मागेल, पोरांचं विचारेल, असं मला वाटलं.

“बाई,” ती म्हणाली, “लागलं का वो तुमाला?”

मी कोटाची बाही मनगटावर ओढली आणि नाही म्हटलं.